तुम्ही विचारलंत म्हणून : नवीन विकायचं सोडून जुनं का शिवत बसता?

महाद्वार रोडला लागून असलेल्या बोळात माझं खेळण्यांचं दुकान आहे, अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेली पोरं आईबापाचा हात ओढत जिथं थांबतात ना, तसलं छोटं दुकान. पुढं नवीन माल आणि मागं एक टेबल, त्याच्यावर सुया, दोरे, सोल्डरची कांडी, फेविक्विक, सावरीचा कापूस. त्या टेबलाकडं बघून लोक हमखास विचारतात, "काका, ह्यात काय मिळतंय तुम्हाला? नवीन विका की!" पैशाचं म्हणाल तर कापूस-दोऱ्याचे निघतात, बास. बाकीचं उत्तर एका सिनेमात आहे, म्हणून आज निवांत लिहितोय.

टॉय स्टोरी. पहिला भाग 1995 ला आला, अख्खाच्या अख्खा कॉम्प्युटरवर बनवलेला जगातला पहिला फुल लेंथ सिनेमा, माणसं खोलीतनं बाहेर गेली की खेळणी उठून बोलायला लागतात ती गोष्ट. आमच्या पोराचा तोच लाडका, पण मी अडकलो 1999 च्या दुसऱ्या भागात. त्यात वुडी नावाचा कापडी काऊबॉय आहे, खेळता खेळता त्याचा हात खांद्यापाशी उसवतो आणि त्याचा मालक पोरगा कॅम्पला जाताना त्याला घरीच ठेवून जातो, आई उचलून वरच्या फळीवर ठेवते. तिथं धुळीत आधीपासनंच एक रबरी पेंग्विन बसलेला असतो. त्याची शिट्टी बिघडलेली, पोराची समजूत काढायला आईनं दुरुस्तीचं नुसतं तोंडानं सांगितलेलं आणि ह्याला फळीवर टाकलेलं. मी तिथंच सीडी थांबवली. माझ्या दुकानात पण तशी फळी होती, "उद्या बघतो" म्हणून ठेवून घेतलेली खेळणी महिनोन् महिने तिथंच. दुसऱ्या दिवशी सगळी खाली काढली आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, कुणाचं, कधी आलं, कधी द्यायचं. ती पद्धत आजपर्यंत मोडलेली नाही.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. एक खेळण्यांचा व्यापारी वुडीला चोरतो, जपानमधल्या म्युझियमला विकायला, आणि त्याला ठीकठाक करायला एक म्हातारा कारागीर बोलावतो. म्हाताऱ्याची पेटी उघडते, कप्प्यातनं कप्पे निघतात, तो वुडीचे डोळे पुसतो, कान साफ करतो, हाताला टाके घालतो, डोक्यावर रंग उडालेला तिथं ब्रश फिरवतो, कुठं म्हणून घाई नाही. ज्यानं आयुष्यात एकदा तरी बाहुलीचा डोळा बसवलाय त्यानं हा सीन बघावाच, एवढा प्रेमानं केलाय. आणि मग तो म्हातारा वुडीचा बूट उलटा करतो, तळव्यावर त्या पोरानं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्यावर रंग मारतो. एका फटकाऱ्यात नाव गेलं. कामात कुठं खोट नाही हो, पण माझ्या पोटात गोळा आला, खेळणं नवंकोरं झालं आणि कुणाचंच राहिलं नाही. पुढं वुडी स्वतःच तो रंग खरवडून काढतो तेव्हा कुठं जीव खाली पडला. शेवटी पोरगा परत येऊन पुन्हा उसवलेला हात आपल्या हातानं शिवतो, जरा जास्तच कापूस भरून, आणि मला विचाराल तर म्हाताऱ्यापेक्षा ते काम चांगलं.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी गेलं 55 च्या वर. पूर ओसरल्यावर शाहूपुरीकडची एक आज्जी नातीला घेऊन आली, पिशवीत एक टेडी, गाळानं इतका जड झालेला की टेबलावर ठेवल्यावर दगड ठेवल्यासारखा आवाज आला. शिवण उसवली, आतला कापूस काळा पडून घट्ट झालेला, तो सगळा काढला, नुसतं कापड चार पाण्यांनी धुतलं. धुताना पोटावर बॉलपेनची अक्षरं दिसायला लागली, पोरीनं लिहिलेलं स्वतःचं नाव, त्यातला 'स' उलटा. आज्जी म्हणाल्या, "काका, ते शाईचं पण घालवा की, स्वच्छ दिसंल." पोरगी काही बोलली नाही, फक्त पुढं होऊन त्या अक्षरांवर हात ठेवला. घरात छातीएवढं पाणी येऊन गेलेलं, दप्तर गेलेलं, पुस्तकं गेलेली. मी आज्जींना म्हटलं, "असू दे आज्जी, तेवढं तिचं हाय."

अक्षरांच्या कडेकडेनं ब्रश फिरवला, सावलीत तीन दिवस वाळवला, सावरीचा कापूस भरला आणि बाहेरनं दिसणार नाही असा टाका घातला. चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवशीच दिला.

तेव्हापासनं दुरुस्तीला काही आलं की आधी उलटंपालटं करून बघतो, कुठं नाव आहे का, दातानं चावलेलं आहे का, नेलपॉलिश लावलंय का, आणि विचारल्याशिवाय त्याला हात लावत नाही. आत्ता टेबलावर एक चावीचं माकड आहे, स्प्रिंग तुटलीय, पाठीवर कुणीतरी पेन्सिलनं शेपटी काढलीय कारण मूळची मोडलेली. गुरुवारी द्यायचंय.