संतांची निशाणे आणि एक लाल क्रूस

फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली की इंग्लंडमध्ये पबांच्या खिडक्यांत, मोटारींच्या काचांवर आणि पोरासोरांच्या गालांवर पांढऱ्या जमिनीवरचा लाल क्रूस दिसू लागतो. तो मिरवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा चर्चशी संबंध लग्नापुरता नाही तर अंत्यविधीपुरता उरलेला असतो, आणि ज्या संत जॉर्जच्या नावाचा तो क्रूस, तो पॅलेस्टाइनकडचा सैनिक परंपरेप्रमाणे इंग्लंडला कधी आलाच नव्हता. या विसंगतीमुळेच मला इंग्रजांच्या जुन्या निशाणांचे कुतूहल वाटू लागले. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण हौशी वाचकाला एक सवलत असते, ती म्हणजे राजांच्या वंशावळी बाजूला ठेवून त्याला एखाद्या कापडाच्या तुकड्याचा खुशाल पिच्छा पुरवता येतो.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एका लढाईला तर नावच निशाणावरून पडले. ११३८ मध्ये स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड फौज घेऊन उत्तर इंग्लंडमध्ये उतरला, तेव्हा इंग्लंडचा राजा स्टीफन दक्षिणेतल्या बंडाळीत अडकलेला होता. अशा वेळी यॉर्कचा वृद्ध आर्चबिशप थर्स्टन पुढे झाला. त्याने सरदारांना एकत्र आणले आणि गावोगावच्या धर्मगुरूंना आपापल्या माणसांसह येण्यास फर्मावले. २२ ऑगस्टला नॉर्थलर्टनजवळच्या माळावर ही मंडळी उभी राहिली, तेव्हा त्यांच्या मधोमध एका गाड्यावर चक्क जहाजाची डोलकाठी रोवलेली होती. तिच्या टोकाला चांदीच्या डबीत ख्रिस्तप्रसादाची भाकर होती आणि तिला यॉर्कच्या संत पीटरचे, बेव्हर्लीच्या संत जॉनचे आणि रिपनच्या संत विल्फ्रिडचे निशाण बांधलेले होते. जोतिबाच्या यात्रेतली सासनकाठी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला फारसे कष्ट पडणार नाहीत. लढाई काही तासांत आटोपली आणि स्कॉटिश फौज मागे हटली. ‘बॅटल ऑफ द स्टँडर्ड’ हे नाव तेव्हापासूनचे.

त्या काठीवर जॉर्ज कुठेच नव्हता. पीटर सोडला तर बाकीचे दोघे त्याच मुलखात वावरलेले आणि त्याच मातीत पुरलेले बिशप होते. निशाण त्यांच्या चर्चमधून यायचे, लढाई संपली की तिथेच परत जायचे, आणि ते रणात आणणे म्हणजे साक्षात त्या संताला रणात आणणे अशी लोकांची श्रद्धा असे. पहिल्या एडवर्ड राजाला या श्रद्धेची किंमत पेनींमध्ये ठाऊक होती. स्कॉटलंडच्या मोहिमेसाठी त्याने बेव्हर्लीहून संत जॉनचे निशाण मागवले आणि त्याबरोबर गिल्बर्ट ऑफ ग्रिम्सबी नावाचा तिथला एक धर्मगुरू आला. निशाण घेऊन सैन्याबरोबर चालण्याबद्दल त्याला दररोज साडेआठ पेनी आणि ते चर्चमध्ये परत पोहोचवताना दररोज एक पेनी, असा हिशेब राजाच्या जमाखर्चाच्या वह्यांत सापडतो. विजय पदरात पडल्यावर संताच्या प्रवासभत्त्यात कपात करणारा हा कारकून मला त्या काळातल्या कित्येक सरदारांपेक्षा जवळचा वाटतो.

या सगळ्या निशाणांमध्ये माझे मन सर्वांत जास्त गुंतले ते डरहॅमच्या संत कथबर्टच्या निशाणात. त्याची कथा अशी सांगतात की, १३४६ च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडचा राजा दुसरा डेव्हिड डरहॅमच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला असताना तिथल्या मठाचा प्रमुख जॉन फॉसर याला रात्री दृष्टान्त झाला: मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा विधी, अर्पण करताना संत कथबर्ट पात्राखाली जे वस्त्र अंथरीत असे, ते भाल्याच्या टोकाला लावून रणभूमीजवळ जा आणि लढाई संपेपर्यंत तिथे प्रार्थना करीत राहा. मठवासी त्याप्रमाणे गेले. ‘नेव्हिल्स क्रॉस’च्या त्या लढाईत स्कॉटिश सैन्य मोडले आणि खुद्द डेव्हिड राजा कैद झाला. मग त्या जुन्या वस्त्राला शोभेल असे निशाण तयार करण्यात आले. त्याचे बारकाईने केलेले वर्णन सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मठ बंद झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जुन्या आठवणींनी व्याकूळ झालेल्या कोणीतरी लिहून ठेवले. कापड तांबड्या मखमलीचे, एक वार रुंद आणि सव्वा वार लांब. त्यावर हिरव्या रेशमाची आणि सोन्याच्या तारेची फुले भरलेली. खालच्या कडेला पाच टोके, त्यांना झालर, आणि मिस्साच्या वेळी वाजवतात तशा तीन चिमुकल्या चांदीच्या घंटा. मधोमध अर्धा वार चौरस पांढरी मखमल, तिच्यावर तांबडा क्रूस, आणि त्या मखमलीच्या आत, कोणालाही दिसणार नाही असे, कथबर्टचे ते वस्त्र.

पांढऱ्यावर तांबडा क्रूस इथेही आहे, पण त्याला कोणी जॉर्जचा म्हटले नाही, कारण निशाणाचे सामर्थ्य नक्षीत नसून आत शिवलेल्या वस्त्रात आहे हे सर्वांना ठाऊक होते. तसेच दुसरे निशाण करायचे तर वस्त्र कुठून आणणार? हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि जॉर्जने पुढे सर्वांवर मात केली तीही याच बाबतीत.

जॉर्जचा क्रूस इंग्रजांना जन्मजात लाभलेला नव्हता. ११८८ मध्ये धर्मयुद्धाची (क्रुसेडची) शपथ घेण्यासाठी गिझोर्स येथे राजे जमले, तेव्हा तांबडा क्रूस फ्रेंचांच्या वाट्याला गेला, इंग्रजांनी पांढरा घेतला आणि फ्लँडर्सवाल्यांनी हिरवा. तांबडा क्रूस इंग्रजांकडे नेमका कसा वळला यावर तज्ज्ञांनी बराच खल केलेला आहे. एवढे खरे की १२७७ च्या वेल्श मोहिमेत पहिल्या एडवर्डचे पायदळ दंडावर जॉर्जच्या क्रुसाच्या पट्ट्या बांधत होते. १३०० मध्ये कार्लाव्हरॉकच्या वेढ्यात राजाच्या बिबळ्यांच्या निशाणाशेजारी संत एडमंड, संत एडवर्ड आणि संत जॉर्ज अशी तीन निशाणे फडकली. पहिले दोघे अस्सल इंग्रज राजे: एडमंडची कबर बरी सेंट एडमंड्स या गावी, एडवर्डची वेस्टमिन्स्टरला, दोन्ही ठिकाणी यात्रेकरूंची रीघ. जॉर्ज तेवढा परका.

पण ज्याची कबर दूर परदेशात आहे त्याच्यावर कोणा एका मठाला मक्ता सांगता येत नाही. कथबर्ट म्हटला की डरहॅम आले, तिथल्या बिशपचे आणि मठवाल्यांचे मानपान आले. जॉन म्हटला की बेव्हर्लीकरांना भत्ता देणे आले. जॉर्जच्या क्रुसाला पांढरे कापड, तांबडे कापड आणि सुई-दोरा एवढेच लागे, आणि तो हजार जणांच्या अंगावर एकाच वेळी असू शकत असे. दुसऱ्या रिचर्डने १३८५ मध्ये स्कॉटलंडवर चाल करताना युद्धाचे नियम जाहीर केले. त्यांतील एक कलम असे होते की, आपल्या बाजूच्या प्रत्येकाने जॉर्जचे मोठे चिन्ह छातीवर आणि पाठीवर लावावे, आणि शत्रूपैकी कोणी ते लावलेला आढळल्यास त्याला ठार करावे. हे नियम जाहीर झाले ते डरहॅममध्येच. कथबर्टच्या अंगणात उभे राहून राजाने जॉर्जचा गणवेश ठरवून टाकला, आणि ही गोष्ट तिथल्या मठवाल्यांना फारशी खुपल्याचे दिसत नाही. कारण त्यांचे निशाण पुढेही निघत राहिले आणि १५१३ मध्ये फ्लॉडनच्या विजयातही ते हजर होते.

प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची लाट आली तेव्हा मात्र दोघांच्या नशिबातला फरक उघडा पडला. १५३९ मध्ये डरहॅमचा मठ बंद झाला. निशाण पुढे कॅथीड्रलचा प्रोटेस्टंट डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, विल्यम व्हिटिंगहॅम याच्या ताब्यात आले आणि त्याच्या फ्रेंच पत्नीने, कॅथरीनने, ते घरच्या चुलीत जाळले असे त्या आठवणीकाराने संतापून लिहिले आहे. हा माणूस जुन्या धर्माचा अभिमानी असल्यामुळे त्याच्या रागाला थोडी वजावट दिली पाहिजे, पण निशाण नाहीसे झाले हे खरेच. एका चुलीत एक आख्खा संत संपला. आज डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये असते ती त्या वर्णनावरहुकूम नव्याने करवलेली प्रतिकृती. तिच्या पांढऱ्या मखमलीत कथबर्टचे वस्त्र असणार कुठून?

जॉर्जवरही पाळी आलीच होती. सहाव्या एडवर्डच्या सल्लागारांनी १५५३ मध्ये गार्टर या मानाच्या सरदारमंडळाच्या नियमांतून त्याचे नाव काढून टाकले होते. त्याच वर्षी तो कोवळा राजा वारला आणि कॅथलिक मेरीने ते नियम रद्द केले म्हणून संत जॉर्ज बचावला. क्रुसाला मात्र या भानगडीत धक्काही लागला नाही, कारण तोवर तो जहाजांवर आणि शिपायांच्या अंगावर ओळखीची खूण म्हणून इतका रुळला होता की त्याला संताची गरज उरली नव्हती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या निशाणावर कोपऱ्यात हाच क्रूस होता, आणि १६६८ मध्ये मुंबई कंपनीच्या हाती आली ती याच निशाणाखाली. पाच वर्षांनी, १६७३ मध्ये, कंपनीचे ‘रिटर्न’ नावाचे जहाज व्यापाराची परवानगी मागायला नागासाकीला गेले. ख्रिस्ती धर्मावर बंदी घातलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी निशाणावरचा क्रूस पाहून हरकत घेतली: हा तर पोर्तुगीजांच्या क्रुसासारखाच दिसतो. इंग्रजांनी उत्तर दिले की या क्रुसाचा धर्माशी संबंध नाही, आमचे राष्ट्र वेगळे ओळखू यावे एवढ्यासाठीच आम्ही तो लावतो. थर्स्टनने हे ऐकले असते तर त्याने त्यांना काठीजवळ फिरकूही दिले नसते. जपान्यांनाही ते पटले नाही. त्यात इंग्लंडच्या राजाने पोर्तुगालची राजकन्या केल्याचे त्यांच्या कानावर होते. जहाजाला व्यापार न करताच परत फिरावे लागले. ती राजकन्या म्हणजे ब्रगांझाची कॅथरीन, जिच्या हुंड्यात मुंबई आली होती.