नाझींच्या मागोमाग फिरणारा प्रचारपट

कॅनडातल्या आमच्या विनिपेगहून दक्षिणेला गाडीने तासाभरात अमेरिकेची हद्द लागते. सपाट शेतांतून नकाशावर ओढलेली सरळ रेघ आहे ती, ४९ अंश उत्तर अक्षांशाची. एका युद्धपटाला या रेघेचंच नाव दिलंय, ‘फोर्टी-नाइन्थ पॅरलल’. साल १९४१. नोव्हेंबरात इथे सगळे कोटावर लाल पॉपी लावतात, पहिल्या महायुद्धापासूनच्या सैनिकांची आठवण म्हणून. त्याच दिवसांत एका वाचनालयाच्या हॉलमध्ये हा चित्रपट दाखवला आणि नंतर कॉफी घेत लोक बराच वेळ त्यावर बोलत बसले. माझ्याबरोबर एक मराठी मैत्रीण आणि तिच्याकडे राहायला आलेल्या साताऱ्याच्या काकू होत्या. एकाच चित्रपटावर इतकी वेगवेगळी मतं मी एका बैठकीत क्वचितच ऐकली आहेत.

आधी गोष्ट सांगते. एक जर्मन पाणबुडी हडसन उपसागरात शिरते. सामान लुटायला सहा जण किनाऱ्यावर उतरतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कॅनडाची विमानं पाणबुडी बुडवतात. आता हे सहा जण परक्या मुलखात अडकलेले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती, त्यामुळे हद्द ओलांडली की सुटका. मग सुरू होते कॅनडाभरची पळापळ, आणि वाटेत एकेक जण गळत जातो.

ब्रिटिश माहिती मंत्रालयाने यात पैसा घातला होता. उद्देश उघड होता, अमेरिकेला युद्धात ओढायचं. तरी दिग्दर्शक मायकेल पॉवेल आणि लेखक एमरिक प्रेसबर्गर यांनी जे केलं ते मला आजही धाडसाचं वाटतं. कॅमेरा सगळा वेळ शत्रूबरोबर चालतो. नायक म्हणावा असा एकही माणूस शेवटपर्यंत टिकत नाही. टिकतो तो नाझी अधिकारी हिर्थ. त्याला भूक लागते, तो थकतो, तो हुशार आहे, त्याला भाषण करता येतं. प्रेसबर्गर स्वतः हंगेरीतले ज्यू. बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत काम करत होते, हिटलर आल्यावर तिथून निसटले, पॅरिसमार्गे इंग्लंडला पोचले. ज्यांनी हाकललं त्यांच्या तोंडी वाक्यं लिहायची आणि ती खोटी वाटू द्यायची नाहीत, हे सोपं नव्हे. त्या कथेला पुढे ऑस्कर मिळालं.

हॉलमध्ये मात्र पहिली तक्रार याच गोष्टीवर झाली. एक वयस्कर बाई म्हणाल्या, ‘दोन तास त्या माणसाबरोबर फिरल्यावर तो कधी पकडला जाईल याऐवजी तो कधी सुटेल याचीच धाकधूक मला लागून राहिली, आणि त्याचा मला राग आला.’ मला वाटतं, या चित्रपटाबद्दल यापेक्षा नेमकं कोणी बोललं नाही. जवळून पाहिलं की माणूस ओळखीचा होतो, मग तो कोणीही असो. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांनी तो धोका जाणूनबुजून पत्करला.

सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या प्रसंगावर. ते लोक इथे आम्हाला नेहमी दिसतात. शेतकरी बाजारात ठिपक्यांचे काळे रुमाल बांधलेल्या, पायघोळ झगे घातलेल्या बायका बटाटे, कोंबड्या, हंसांच्या पिसांच्या उशा विकायला बसतात आणि आपसांत जुन्या वळणाची जर्मन बोलतात. आमच्या एकट्या मॅनिटोबा प्रांतात त्यांच्या शंभराहून जास्त वसाहती आहेत. मालमत्ता सगळ्यांची सामाईक, स्वयंपाक एकत्र, जेवायला रोज पंगत, बायकांची टेबलं वेगळी, पुरुषांची वेगळी. हातात शस्त्र घ्यायचं नाही, हा त्यांचा धर्म.

चित्रपटातले पळपुटे अशाच एका वसाहतीत येतात. हे जर्मन बोलतात म्हणजे आपलेच, असा हिर्थचा समज. तो जेवणघरात उभा राहून रक्त, वंश आणि फ्युरर हिटलरबद्दल जोशात बोलतो. समोर शांतता. मग वसाहतीचा प्रमुख पीटर उठतो आणि आवाज न चढवता सांगतो, आम्ही तुमचे भाऊ नाही. ही भूमिका करणारे अँटन वॉलब्रूक व्हिएन्नाचे, आई ज्यू, जर्मनी सोडून आलेले. जन्मनाव अडोल्फ, ते त्यांनी टाकूनच दिलं. तो प्रसंग बघताना हे ठाऊक असलं की अंगावर काटा येतो.

आणि फोगेल. सहांपैकी एक, मूळचा बेकरीवाला. वसाहतीच्या भट्टीपाशी गेल्यावर त्याचे हात आपोआप कामाला लागतात. पीठ हातात आलं की त्याच्या खांद्यांचा ताठरपणा जातो, चेहरा सैलावतो. नाइल मॅकगिनिसने हे जवळजवळ काही न बोलता दाखवलंय. त्याला तिथेच राहायचंय. हिर्थ त्याला फितूर ठरवतो आणि गोळ्या घालायला लावतो. काकूंना इंग्रजी बेताचंच कळतं, पण हा प्रसंग झाल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘अगं, भाजू द्यायचे होते ना त्याला पाव. काय बिघडलं असतं?’ नट लेस्ली हॉवर्डच्या लांबलचक भाषणांनी जे साधत नाही ते त्या भट्टीने साधलं. हॉवर्ड तंबूत मातिस आणि पिकासोची चित्रं घेऊन राहणारा लेखक झालाय. नाझी ती चित्रं आणि त्याची पुस्तकं जाळतात, मग तो गोळ्या मोजत मोजत बंदूकधारी नाझीवर चाल करून जातो. हे मला लिहून आणल्यासारखं वाटलं. पण १९४३ च्या १ जूनला हॉवर्डचं प्रवासी विमान जर्मन विमानांनी समुद्रावर पाडलं, हे आठवलं की त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

इथल्या बऱ्याच जणांना हटराइटांची पुढची हकीकत माहीत होती. १९४१ मध्ये पडद्यावर कॅनडाच्या सहिष्णुतेचा पुरावा म्हणून ज्यांना उभं केलं, त्यांना कोणी जमीन विकू नये असा कायदा पुढच्याच वर्षी अल्बर्टा प्रांताने केला. नाव बदलून निर्बंध चालू राहिले ते १९७३ पर्यंत.

क्री या इथल्या आदिवासी समाजातले एक निवृत्त शिक्षक बराच वेळ गप्प होते. चित्रपटाच्या सुरुवातीला हिर्थची माणसं एका निःशस्त्र इन्युइट माणसाला बंदुकीच्या दस्त्याने मारतात, आणि त्यांच्या लेखी तो माणूसच नसतो. प्रेक्षकाला चीड यावी म्हणूनच तो प्रसंग आहे. शिक्षक म्हणाले, ‘मलाही चीड आली. पण त्याच वर्षी माझी आई आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळेत होती आणि क्री बोलली की मार खात होती.’ रॉकी पर्वतातल्या बँफ गावच्या प्रसंगात पारंपरिक वेशातले शेकडो आदिवासी दिसतात, पण ते मागे देखावा म्हणून उभे. त्यातल्या बहुतेकांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९६० मध्ये मिळाला.

मग मैत्रिणीलाही राहवलं नाही. तिने सांगितलं की हा चित्रपट लंडनमध्ये लागायच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९४१ मध्ये, चर्चिलने संसदेत स्पष्ट केलं होतं की रूझवेल्टबरोबर जाहीर केलेल्या अटलांटिक सनदेतलं स्वयंनिर्णयाचं कलम हिंदुस्थानसाठी नाही. काकूंचे सासरे साताऱ्याच्या प्रतिसरकारात भूमिगत होते, हेही तिने सांगितलं. लोकांनी काकूंकडे वळून पाहिलं, कोणीतरी त्यांना खुर्ची पुढे सरकवून दिली, आणि मग काकू मराठीत आणि मैत्रीण इंग्रजीत असं बराच वेळ चाललं.

मला विचाराल तर या आक्षेपांनी चित्रपट पडत नाही. पीटर स्वातंत्र्य आणि सहिष्णुतेबद्दल जे बोलतो ते खरं आहे, आणि म्हणूनच ते शिक्षकांच्या आईला आणि साताऱ्यालाही लागू व्हायला हवं होतं. प्रचारासाठी बोललेला शब्दही पुढे कोणीतरी धरून ठेवतो आणि त्याचा हिशेब मागतो. त्या संध्याकाळी हॉलमध्ये तेच चाललं होतं.

पाहायचा असेल तर मूळची दोन तासांची ब्रिटिश प्रतच शोधा. अमेरिकेत तो ‘द इन्व्हेडर्स’ नावाने, बराच कापून, १९४२ च्या मार्चमध्ये आला. तोवर पर्ल हार्बर झालं होतं आणि अमेरिका युद्धात उतरलीही होती. आणि आवाज थोडा मोठा ठेवा. रॉकी पर्वतावरून कॅमेरा फिरतो तेव्हाचं संगीत इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचं आहे. सत्तरीला टेकल्यावर त्यांनी पहिल्यांदाच चित्रपटाला संगीत दिलं, ते हे.