कपाळावर रिसायकल बिन

दुपारची मीटिंग, म्हणजे कुणालाच नको असलेली. एका सहकाऱ्यानं स्क्रीन शेअर केला आणि प्रेझेंटेशन उघडेपर्यंतच्या त्या दोन-चार सेकंदांत त्याचा डेस्कटॉप सगळ्यांसमोर आला. वॉलपेपरवर त्याची तान्ही मुलगी, बोळक्या तोंडानं हसणारी. फोटोत तिचा चेहरा नेमका डावीकडे वरती आलेला. त्यामुळे कपाळावर रिसायकल बिन, एका डोळ्यात ‘न्यू फोल्डर’ आणि हनुवटीखाली पीडीएफची दाढी. मग स्लाइड आली, तिमाहीचे आकडे आले, पण माझं लक्ष त्या पोरीच्या डोळ्यातच अडकलेलं. बापाला तो फोल्डर जरा बाजूला सरकवावासा वाटत नसेल?

दुसऱ्याचा डेस्कटॉप दिसणं म्हणजे अर्धवट उघड्या दारातून आतला पसारा दिसणं. नजर वळवायची असते, पण ती वळत नाही. माझ्या घरच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर मात्र एकही आयकॉन नसतो. लोक म्हणतात, किती टापटीप! खरी गोष्ट अशी की राइट क्लिक करून ‘व्ह्यू’मध्ये जायचं आणि ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’वरची खूण काढून टाकायची. फाइली जागच्या जागीच असतात, फक्त दिसत नाहीत. कौतुक करणाऱ्यांना एवढं सगळं सांगत बसायची गरज नसते.

आणि एवढा निगुतीनं मोकळा ठेवलेला डेस्कटॉप मी तरी कधी बघते? त्याच्यावर दिवसभर दहा खिडक्या पसरलेल्या. वॉलपेपर दर्शन देतो तो सकाळी मशीन सुरू होताना आणि संध्याकाळी बंद करताना. तरी तो निवडायला अख्खी रविवार दुपार खर्ची पडते.

घरात एकच कॉम्प्युटर होता तेव्हा ही निवड म्हणजे युद्ध होतं. विंडोज एक्सपी. त्यात खिडक्यांच्या पट्ट्यांना तीन रंग मिळायचे : निळा, ऑलिव्ह हिरवा आणि चंदेरी. दादा निळ्याचा, मी चंदेरीची. हिरवा कुणाचाच नव्हता, तो तहात लागायचा. मी शाळेतून आले की पहिल्यांदा चंदेरी करायचे, दादा क्लासहून आला की निळा. त्यानं थ्रीडी टेक्स्टचा स्क्रीनसेव्हर लावून त्यात इंग्रजी अक्षरांत ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलेलं. ती सोनेरी अक्षरं काळ्या पडद्यावर गरागरा फिरत राहायची. हात लावला की धमकी गायब व्हायची, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

एक्सपीच्या वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ खरं की कॉम्प्युटरवर काढलेलं, यावरही आमचं वाजायचं. दादा म्हणायचा, इतकं हिरवं काही नसतंच. निघालं ते खरंच. चार्ल्स ओ’रिअर या छायाचित्रकारानं १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात रस्त्याकडेला गाडी थांबवून काढलेला फोटो. एरवी तिथं द्राक्षांचे मळे. पण मुळांवरच्या किडीनं वेली काढून टाकाव्या लागल्या होत्या, म्हणून टेकडीवर नुसतं गवत. कीड पडली नसती तर आमच्या घरात द्राक्षांच्या ओळी आल्या असत्या! रंग इतके गडद दिसतात ते वेल्व्हिया फिल्ममुळे. हे सगळं मी दादाला मोठेपणी कळवलं. त्याचं उत्तर आलं : फिल्मच ना, मग काढलेलंच.

तर, निळा की चंदेरी हा वाद बाबांनी एका दिवसात मिटवला. कुठल्याशा सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी ‘अॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’वर टिचकी मारली आणि सगळं राखाडी झालं. कोपरे टोकदार, बटणं करडी, सावल्या गायब. “हे रंगबिंग सगळं रॅम खातं,” बाबा म्हणाले. आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदाच एका बाजूला झालो. पण तेच बाबा रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि स्क्रीनसेव्हरमधले पाइप बघायचे. एक निळा पाइप सरळ जाणार, काटकोनात वळणार, लाल त्याच्या मागून घुसणार, सांध्यावर एखादा गोळा येणार. पडदा भरला की पुसून पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, आता रॅम खात नाही का? तर म्हणाले, “स्क्रीन जळू नये म्हणून असतं ते.” हे एका अर्थी बरोबरच होतं. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटायचा. पण त्यासाठी समोर बसून राहायची गरज नव्हती.

कारण द्यायची ही सवय मी नंतर सगळीकडे पाहिली. डार्क मोड लावलेला माणूस विचारायच्या आतच सांगतो, बॅटरी वाचते हो. ओएलईडी पडद्यावर वाचते हे खरं, तिथं काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. पण साध्या एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत असतो. काळं आवडतं म्हणून काळं केलं, असं म्हणायला काय जातं? विकणाऱ्यांनी ही आवड केव्हाच ओळखलेली. १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या जोडीला ‘प्लस’ नावाचं वेगळं पॅकेज आलं. त्यात वॉलपेपर, आवाज आणि माउसचे बाण यांच्या जुळवलेल्या थीम होत्या, आणि त्याचे पैसे वेगळे. २००९ मध्ये छोट्या लॅपटॉपसाठी विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती निघाली, तिच्यात वॉलपेपर बदलताच यायचा नाही. मशीनला चित्र बदलायला असे कितीसे कष्ट पडतात? स्वस्तातल्या गिऱ्हाइकाकडून काय काढून घ्यायचं याची यादी करताना कुणाला तरी नेमकं हेच सुचलं. त्याउलट १९८४ चा पहिला मॅकिंटॉश. रंग दोनच, काळा आणि पांढरा, पण कंट्रोल पॅनेलमध्ये आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन दिलेला. एकेक ठिपका टिचकीनं काळा-पांढरा करत आपली नक्षी आपण विणायची आणि ती डेस्कटॉपभर अंथरायची.

माझ्या सध्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचा लोगो आहे. तो बदलायला गेलं की वरती एक ओळ येते, काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या हातात आहेत. विचारलं तर सुरक्षेचं कारण सांगतात. लोगोमुळे चोर कसा थांबतो, ते मी विचारलं नाही.

फोल्डरचा आयकॉन बदलायला मात्र कुणी बंदी घातलेली नाही. प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. तिथं जुन्या काळापासून पडून असलेल्या चित्रांची रांग येते, त्यात एक हिरवं झाड आहे. मी एक फोल्डर केला, त्याला ते झाड दिलं आणि तेवढा एक डेस्कटॉपवर राहू दिला. मध्यंतरी आयटीवाला मुलगा काहीतरी इन्स्टॉल करायला आला होता. त्यानं फोल्डर उघडून पाहिला. रिकामा.

“मॅडम, हे कशासाठी?”

“उगीच.”