जिना, धाप आणि हृदय

इंदूर, बुधवार

विजयनगरच्या ऑफिसांत सकाळी लिफ्टपुढे रांग असते आणि शेजारचा जिना मोकळा. जिन्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न कॅलरींचा. सत्तर किलोच्या माणसाला तीन मीटरचा मजला चढायला जेमतेम दोन-अडीच कॅलरी लागतात. सकाळच्या पोहे-जिलेबीपुढे ते काहीच नाही. हृदयाला फायदा होतो तो धाप लागण्यातून. अख्खं वजन वर उचलायचं म्हणून मांड्यांचे स्नायू एकदम प्राणवायू मागतात, नाडी झरझर वाढते. हे रोज घडत राहिलं की हृदय एकेका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं.

१९५३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे कर्मचारी तपासले. दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी निघाला. ड्रायव्हरांची कंबर मुळातच मोठी होती हे पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवलं, म्हणून सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी दिशा पक्की आहे. व्यायाम सलग दहा मिनिटं झाला तरच धरायचा, ही अटही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली.

तेव्हा मजले दिवसभरात वाटून घ्यावेत. पहिला आठवडा लिफ्टने दोन मजले अलीकडे उतरायचं आणि उरलेले चढायचे. दुपारी चहाच्या आधी पुन्हा तेवढेच. पुढे एका दमात साठेक पायऱ्या. वेग असा की छोटं वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, चालू असेल तर नाडी मोजून अंदाज चुकतो, बोलून पाहावं. श्वास रोखू नये, आणि डबा खाल्ल्याखाल्ल्या जोर करू नये.

गुडघे बहुधा उतरताना कुरकुरतात. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, दुसऱ्या दिवशीचं दुखणंही त्याचंच. असं होत असेल तर चढावं जिन्याने, उतरावं लिफ्टने. त्यात कमीपणा नाही.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम: तिथेच बसावं, १०८ लावावा. ‘गॅस झालाय’ म्हणून आणखी एक मजला चढणं जिवावर बेततं. आधीपासून हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात.

उद्या ऑफिस मॅनेजरना सांगायचं: तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा बदला, कठड्यालगतचे रद्दीचे खोके हलवा.