पाणी म्हणजे हजार नव्हे

हंगाम सुरू झाल्यापासून सिरप लाइनवरचा डेन्सिटी मीटर, म्हणजे घनता मोजून साखर सांगणारं यंत्र, लॅबपेक्षा साधारण एक ब्रिक्स (वजनाने एक टक्का साखर) जास्त दाखवत होता. "तुमचा मीटरच गेलाय," केमिस्टसाहेब रोज ऐकवायचे. मला शंका मीटरमधल्या नळीची. कंपन पावणाऱ्या नळीत थर साचला की ती जड होते, कंपनांची वारंवारता उतरते, मीटरला पाकच दाट वाटतो आणि आकडा फुगतो. नळी धुतली; फरक तसाच.

मग कॅलिब्रेशनची, म्हणजे पाणी भरून मीटर जुळवल्याची, वही काढली. पाण्याची घनता म्हणून कुणीतरी सरळ १००० (किलो प्रति घनमीटर) भरलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच! पाणी होतं ३० अंशांवर, तिथे हवं होतं ९९५.७; म्हणून मीटर सगळंच जास्त दाखवत होता. पुन्हा पाणी भरलं, बुडबुडे निघेपर्यंत थांबलो, तापमान बघूनच आकडा टाकला. केमिस्टसाहेबांना चहा पाजावा लागला. साखर कारखान्यात, बिनसाखरेचा.