रोल धुवायचे दिवस

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायच्या पावडरीच्या पाकिटावर बघा, पुस्तकात बघा, नाहीतर रोलच्या खोक्याच्या आतल्या बारीक अक्षरांत बघा, आकडा एकच: २० अंश सेल्सिअस. हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतलेलं नसणार. आमच्याकडे एप्रिल लागला की दुपारी नळ सोडल्यावर आधी अर्धी बादली बाजूला काढावी लागते, नाहीतर हात पोळतो. गीझर आमच्या घरी हिवाळ्यातला पाहुणा. बाकीचे महिने गरम पाण्याचं खातं सूर्यनारायणाकडे असतं.

फिल्मवर फोटो काढायचा नाद मला चाळिशीत लागला. कॅमेरा जुनाच घेतला, पेंटॅक्स के-१०००. १९७६ सालचं मॉडेल, वजनाला वरवंटा. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणारा काटा हलवायला. ती संपली तरी शटर खटकन पडतंच. रोल, केमिकल, टपालखर्च असं सगळं धरलं तर एका फ्रेमला चाळीसेक रुपये पडतात. म्हणजे एक क्लिक, एक प्लेट तर्री पोहे. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बोट आपोआप आवरतं. फोनवर मांजरीचे साठ फोटो काढणारी मी कॅमेऱ्यातून तिच्याकडे नुसती बघत बसते, आणि ती उठून जाते.

आपल्याकडे फिल्म कोणी डेव्हलप करत नसे. ती धुवायला टाकत. 'रोल धुवायला दिलाय', 'लग्नाचे फोटो धुऊन आले का?' लहानपणी मला वाटायचं, स्टुडिओवाले काका रोल खरंच नळाखाली धरून घासत असतील, आणि वरची काळी पुटं निघाली की खाली आपण सापडत असू. आता स्वतः धुवायला लागल्यावर वाटतं, फार काही चुकत नव्हतं माझं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडला, त्यांची डेव्हलपर नावाचा द्रव धातूरूप चांदी करतो आणि ती काळी दिसते. ज्यांच्यावर पडला नाही, ते हायपो नावाचा दुसरा द्रव विरघळवून नेतो. त्यानंतर उरतं ते खरोखरचं धुणं. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये हेरला होता. फोटोग्राफीची घोषणा जगापुढे झाली १८३९ साली. म्हणजे मळ पडायच्या वीस वर्षं आधी साबण तयार होता.

हे मला शिकवलं नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांनी. त्यांचा स्टुडिओ होता, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. फिल्म धुवायची छोटी झाकणाची टाकी आणि तीत फिल्म गुंडाळायच्या दोन चकऱ्या त्यांनी मला माळ्यावरून काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. "केमिकल-बिमिकल नंतर बेटा," म्हणाले, "आधी पाणी पाहा. उन्हाळ्यात आम्ही पहाटे चारला उठून रोल धुवत होतो, बरफाची लादी आणून." त्या काळी वापरलेलं हायपोसुद्धा फुकट जात नसे. त्यात उतरलेली चांदी काढणारे लोक डबे घेऊन न्यायला येत. जुने एक्स-रे भंगारवाला आजही पेपरच्या रद्दीत घालत नाही, वेगळे ठेवतो, ते त्याचसाठी.

टाकीत फिल्म भरायची ती पूर्ण अंधारात. सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. आजच्या बहुतेक फिल्मला लाल उजेडही दिसतो. म्हणून मी दोन बाह्यांची काळी पिशवी वापरते. पिशवीत टाकी, चकरी, कात्री, रोल टाकायचे, चेन लावायची आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाई पोत्यात मांजर पकडतेय. आत बोटांनी फिल्मचं टोक शोधायचं, त्याचे कोपरे किंचित गोल कापायचे, चकरीच्या खाचेत सरकवायचं आणि चकरीच्या दोन बाजू आळीपाळीनं मागे-पुढे फिरवायच्या. टिक-टिक करत फिल्म आत जाते. चांगलं चाललं तर दोन मिनिटांचं काम. मेमध्ये मात्र तिसऱ्या मिनिटाला पिशवीत हातांना घाम फुटतो, ओली बोटं फिल्मला चिकटतात, फिल्म चकरीला चिकटते, आणि नेमकी तेव्हाच कुरिअरवाल्याला आपली आठवण येते. हात बाहेर काढले तर रोल गेला. "ताई, ओटीपी!" तो दारातून ओरडत असतो. ताई पोत्यात अडकलेल्या.

तर २० अंश. पाणी गरम असलं तर वेळ कमी करायची, असा तक्ता मिळतो. माझ्या रोलला माझ्या डेव्हलपरात २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २४ अंशांना साडेसातच्या आसपास पुरतात. पण तिशीच्या पुढे गेलं की वेळ पाच मिनिटांच्या आत येते, आणि एवढ्या घाईत डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, आभाळावर ढगांसारखे पट्टे उठतात. पहिल्या उन्हाळ्यात मी हुशारी केली. डेव्हलपर माठातल्या पाण्यात कालवला, बाटली फ्रीजमध्ये ठेवून बरोबर चोविसावर आणली, सगळं घड्याळ लावून केलं. आणि शेवटचं धुणं सवयीनं नळाखाली धरलं. दुपारचे दोन वाजले होते. रोल मुदत संपलेला, स्वस्तात मिळालेला. वाळल्यावर भिंगातून पाहिलं तर छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर बारीक भेगांचं जाळं. फिल्मवरचा जिलेटिनचा थर गरम पाण्यानं फुगला आणि सुरकुतला होता. फोटो होते अंबाझरी तलावाचे. भरलेला तलाव काळ्या मातीच्या शेतासारखा दिसत होता, पावसानं दगा दिलेल्या सालातल्या.

भारत सरकारनं १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली आणि फिल्मचा कारखाना थेट उटीला नेऊन ठेवला. 'इंदू' नावाची फिल्म तिथून देशभर जायची. इतक्या लांब, डोंगरावर कशाला, हा प्रश्न मला त्या दुपारनंतर पडला नाही.

पण उन्हाळ्याचाही एक मान आहे, आणि तो रंगीत फिल्मकडे जातो. रंगीत रोल ज्या सी-४१ पद्धतीनं धुतात, तिला डेव्हलपर लागतो ३८ अंशांचा, ३ मिनिटं १५ सेकंद, आणि त्यात अर्ध्या अंशाचीही चूक चालत नाही. थंड देशांतले हौशी लोक ३८ अंश टिकवायला बादलीत पाणी तापवायचं यंत्र सोडून बसतात. मी गच्चीवरच्या टाकीचं पाणी टबात घेते. ते भरतं एकेचाळीस-बेचाळीस. माठातले एक-दोन तांबे ओतले, ढवळलं, की अडतीस. बाटल्या त्यात उभ्या करायच्या. खोलीच चाळीसला टेकलेली असल्यामुळे पाणी निवायचं नाव घेत नाही. माझ्या आयुष्यात नागपूरचं ऊन कामाला आल्याची ही एकच वेळ. त्यामुळे आमच्या घरी आता पंचांग ठरलेलं आहे: रंगीत रोल मे महिन्यात, कुरडया आणि सांडग्यांबरोबर, ब्लॅक अँड व्हाइट डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा सकाळी नळालाच १९-२० अंशांचं पाणी येतं आणि बर्फाशिवाय सगळं सुरळीत होतं. मधल्या महिन्यांतले रोल फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात. अंडी वाटीत.

मेमध्ये धुतलेले रोल लटकतात ते आईच्या वाळवणाच्या दोरीला, खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावून. आई आधी नाराज होती. मग तिनं स्वतःच त्यांची जागा ठरवली, "तुझे ते नागोबे तिकडे, माझ्या कुरडयांवर ठिबकायला नको."

वाळताना खरा शत्रू कूलर. दिवाणखान्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलेला असतो, त्याचा सुगंध घरभर आणि त्याची बारीक काडी माझ्या निगेटिव्हवर. स्कॅन करताना ती कळते. एक फ्रेम असते ३६ बाय २४ मिलिमीटर, आगकाडीच्या पेटीपेक्षा लहान. २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरून, स्कॅन केली की पडद्यावर सुमारे चौतीसशे ठिपके रुंद होते आणि तिच्यावरची नखाएवढी काडी आभाळात वीज पडल्यासारखी दिसते. रंगीत फिल्मवरची धूळ काही स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी ओळखतात आणि आपोआप पुसतात. ब्लॅक अँड व्हाइटला ही सोय नाही, कारण तिथे चांदी असते आणि चांदी ते किरणही अडवते. यंत्राला धूळ आणि चित्र सारखंच. मग तांदूळ निवडायला बसतात तसं बसायचं. एकेक ठिपका वेचायचा. आजीनं मला तांदूळ निवडायला बसवलं की मी पळून जायची. आता रात्री अकरापर्यंत, कोणी न सांगता, खडे वेचते.

खरं सांगायचं तर स्कॅनिंग मला आवडत नाही. टाकीचं झाकण काढून ओली फिल्म पहिल्यांदा उजेडात धरायची, तिथे माझा सण संपतो. घाई झाली तर मी टॅब पांढरा करते, निगेटिव्ह त्यावर बोटभर उंच धरते (टेकवलं तर पडद्याची जाळी दिसते) आणि फोनमध्ये रंग उलटे करायची सोय चालू करून बघते. काळे दात पांढरे होतात, पांढरे केस काळे होतात, मावशी ओळखू येते. पुढे स्कॅन, साफसफाई, आणि शेवटी सगळं जातं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे त्याचा जीव दोनशे केबीचा होतो. मावशीचा निरोप येतो, "मस्तच गं. पण कलरमध्ये नाही का?"

यंदा तान्ह्या पोळ्याला मारबत बघायला गेले तेव्हा रंगीत रोल संपलेला होता. कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइटच. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन मोठे पुतळे, दोघींची मिरवणूक, आणि माझ्याकडे पिवळा नावाचा रंगच नाही. ही फिल्म पिवळ्याला फिकट राखाडी करते असं पुस्तक म्हणतं. गर्दीत कोणाच्या तरी खांद्यावरून तीन फ्रेम घेतल्या. एकीत बडग्याच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या दुसऱ्या एका पुतळ्याच्या, काठीचं टोक मध्येच आलं, तेवढं नक्की. बाकी काय आलंय ते अंड्यांच्या कप्प्यात आहे.

बर्फ टाकून आत्ताच धुता येईल. काका धूत होतेच. पण मी थांबलेय. ऑक्टोबरचा चटका ओसरला, दिवाळी झाली, आता रोज सकाळी दात घासायच्या आधी मी बादलीत थर्मामीटर सोडते. ओट्यापाशी चहा गाळता गाळता आई विचारते, "आज किती गं?"

"चोवीस."

"म्हणजे उतरतोय," ती म्हणते आणि माझा कप पुढे सरकवते.