स्प्रिंकलर न पोचलेला कोपरा

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. न्यू जर्सीत गवताचं बी टाकायचे हेच दिवस. माती अजून उबदार असते आणि उन्हाचा कडाका ओसरलेला असतो. एडिसनजवळच्या एका मराठी काका-काकूंनी बोलावलं होतं. मागच्या अंगणात नॉर्वे मेपलचं जुनं झाड आणि त्याच्याखाली नुसती माती. तयार लॉनच्या गुंडाळ्या दोनदा अंथरून झाल्या होत्या.

"पाण्याला कधी कमी केलं नाही हो," काकू कळवळून म्हणाल्या. "रोज अर्धा तास स्प्रिंकलर असतो."

उरलेल्या गवताचं टोक धरून ओढलं, तर ते सतरंजीसारखं उचलून आलं. मुळं धरलीच नव्हती. ते केंटकी ब्लूग्रास होतं. त्याला भरपूर ऊन लागतं, खतही लागतं. मेपलखाली ते अंथरणाऱ्याचा मला खरंच राग आला. मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. वरचा थर ओला, खाली ठणठणीत कोरडं, आणि चार बोटांवर मेपलच्या मुळांचं जाळं. झाडच सगळं पाणी पीत होतं.

मग शेडमागे गेलो. सावली तीच, मेपल तोच, पण कुंपणाच्या कोपऱ्यात केसांसारखं बारीक, गडद हिरवं गवत भुईवर लोळत होतं. एक पातं बोटांत फिरवून पाहिलं. कडा आत मिटलेल्या, जवळजवळ सुईसारखं गोल. अशा पात्यातून ओल कमी उडते. थोडं उपटलं तर जमिनीखालून सरकणारी बारीक खोडं हाती आली. रेड फेस्क्यू! कधीतरी टाकलेल्या मिश्र बियाण्यातलं असावं.

"तिकडे पाणी पोचत नाही, खत पसरायची ढकलगाडीही जात नाही," काका म्हणाले. "रान समजून काढणारच होतो मी."

"काका, म्हणूनच ते जगलंय. खतापाण्याचा मारा झाला की हे सडतं."

दुपारभर वरची माती हलकेच खरवडली, मुळांना धक्का लावला नाही. रेड फेस्क्यू आणि त्याचे भाऊबंद च्युइंग्ज व हार्ड फेस्क्यू यांच्या बियांचं मिश्रण पेरलं, 1000 चौरस फुटांना 5 पौंड. उगवेपर्यंत रोज हलका शिडकावा, मग हात आखडायचा. खत थोडंसं, फक्त शरदात. कापणी 3 इंचांखाली नाही, आणि वाळकी पानं साचू द्यायची नाहीत. नातवांचं क्रिकेट मात्र पुढच्या अंगणात, कारण हे गवत तुडवणं सोसत नाही.

निघताना पाहिलं, काकांनी त्या कोपऱ्याभोवती विटा मांडल्या होत्या.